रत्नागिरीचे मुक्काम

विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठी चार्जिंग स्टेशने कोठे असावीत, याविषयी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी 2022 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, त्यांत शहरात 3 किलोमीटर लांबरुंद अशा प्रत्येक चौकोनात निदान एक आणि हमरस्त्याच्या दोन्ही अंगांस दर 25 किलोमीटरांवर एक, असा सुटसुटीत हिशेब मांडलेला होता. देशावरच्या सपाट मुलखात तो शोभेलही. परंतु खाडी आणि घाट यांनी घडविलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात मुक्कामाची जागा केवळ अंतर मोजून क्वचितच ठरली आहे.

1822 साली जिल्ह्याचे मुख्य ठाणे बाणकोटहून रत्नागिरीस आले, तेव्हा येथला राजमार्ग समुद्र हाच होता. पुढे आगबोटी आल्या, त्या हर्णै, दाभोळ, जयगड, जैतापूर अशा बंदरांच्या आडोशाने थांबत. उतारू पडावांतून किनारा गाठीत, आणि पावसाळ्यात तो सारा व्यवहार बंद राही. खुष्कीचा माल पाली, नाणीज, साखरपा करीत आंबा घाटाच्या पायथ्याशी येई. तेथे बैल सोडावे, वैरणपाणी करावे, चाकांच्या धावा आणि वंगण पाहावे, आणि पहाटेच्या गारव्यात चढणीला लागावे, ही गाडीवानांची वहिवाट. मोटारी वाढल्या, हमरस्ता किनारा सोडून हातखंब्यावरून गेला, आणि बंदरांची वर्दळ तिठ्यांवर आली.

विजेच्या मोटारीची प्रकृती या बाबतीत बैलाहून फार निराळी नाही. चढणीवर तिची बॅटरी भराभर उतरते, उतारावर थोडी वीज परत मिळते. तेव्हा कोल्हापूरकडे निघालेल्यास साखरप्याला जी निकड भासेल, ती घाट उतरून आलेल्यास भासणार नाही. चौकोनाची गोष्ट तर याहून गमतीची आहे. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आणि धोपावे समोरासमोर आहेत. कागदावर दोन्ही गावे एकाच चौकोनात सहज मावतील, पण फेरीबोट चुकली की मोटारीला चिपळूणकडून प्रदक्षिणा घालावी लागते. विजेची वाण म्हणावी, तर कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून याच जिल्ह्यातील पोफळीस उतरवून गेली साठ वर्षे वीज निर्माण होत आहे!

स्टेशनांच्या जागा मुक्रर करणाऱ्या अंमलदारांनी म्हणूनच नकाशावर चौकोन आखण्यापूर्वी फेरीबोटीचे वेळापत्रक पाहावे, आणि पहिली तजवीज साखरप्यास करावी.