घंटा वाजली पाहिजे : पबमधल्या छर्‍याच्या बंदुकीची गोष्ट

तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस बंदुकीवर बोलणार म्हटल्यावर काही जणांच्या भुवया वर गेलेल्या दिसताहेत. पण काळजी नको, बंदूक छर्‍याची आहे. जत्रेत फुगे फोडायला आपण जी उचलतो, तिच्याच घराण्यातली. फरक इतकाच की जत्रेतल्या बंदुकीची नळी कुठल्या दिशेला वाकडी आहे हे दुकानदाराला माहीत असतं आणि आपल्याला नसतं!

स्थळ आहे इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम आणि काळ विसाव्या शतकाची सुरुवात. खेळाचं नाव 'बेल टार्गेट', आपण घंटानेम म्हणू. एक जाड लोखंडी पत्रा, मधोमध तीन अष्टमांश इंचाचं भोक, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. भोकामागे घंटा. पत्र्याला पांढरा ओला रंग फासलेला, त्यामुळे छर्रा आपटला की डाग उमटतो आणि चूक कुठे झाली ते सगळ्यांना दिसतं. मग ब्रश फिरवायचा, पत्रा पुन्हा कोरा. नेम धरणारा साधारण सहा यार्डांवर उभा राहतो. छर्रा भोकातून गेला की घंटा वाजते आणि सर्वांत जास्त गुण मिळतात. बाहेरच्या वर्तुळांना कमी कमी.

हे चालायचं पबमध्ये. पब म्हणजे आपल्या डोक्यातला अंधारा बार नव्हे. कारखान्यातून सुटलेल्या माणसाचा तो कट्टाही होता आणि चावडीही. एका पबचा संघ दुसर्‍या पबच्या संघाकडे खेळायला जायचा, पुढे परतीचा सामना. अशा लीग उभ्या राहिल्या. एक जण नेम धरतोय, बाकीचे ग्लास हातात धरून त्याची टर उडवताहेत आणि मध्येच टण्ण!

आता प्रश्न असा, की हे नेमकं त्याच काळात इतकं का फोफावलं? भोकामागे घंटा टांगायची युक्ती जुनीच होती. नवं होतं ते वातावरण, आणि ते आलं दक्षिण आफ्रिकेतून.

डिसेंबर 1899. बोअर युद्धात एका आठवड्यात ब्रिटिश फौजेचे तीन पराभव झाले. समोर होते शेतकरी. पण लहानपणापासून बंदूक हाताळलेले, दुरून अचूक टिपणारे. साम्राज्याच्या अभिमानाला हा मोठा तडाखा होता. त्यातल्या कोलेन्सोच्या लढाईत एक तरुण अधिकारी प्राणघातक जखमी झाला, तो लॉर्ड रॉबर्ट्स यांचा मुलगा. आणि त्याच रॉबर्ट्सना लगेच त्या युद्धाचं सेनापतिपद देण्यात आलं. हे रॉबर्ट्स जन्मले कानपूरला, 1832 साली. हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापतीही होते. मुलगा गमावलेला हा म्हातारा मायदेशी परतल्यावर एकच धोशा लावून बसला : प्रत्येक सामान्य इंग्रजाला नेमबाजी आली पाहिजे. 1901 साली कामगारांच्या रायफल क्लबांची एक संस्था निघाली, रॉबर्ट्स यांनी या चळवळीला आपलं सगळं वजन दिलं आणि गावोगाव क्लब निघाले. हेतू उघड होता. आज क्लबात, उद्या खंदकात.

पण रायफलला दारू लागते, मोकळी जागा लागते, पाठीमागे मातीचा बांध लागतो. कामगाराच्या गल्लीत हे कुठून आणणार? इथे बर्मिंगहॅमचे कारागीर पुढे आले. लिंकन जेफ्रीज नावाच्या बंदूककाराने 1904 मध्ये एका नव्या हवाई रायफलीचं पेटंट घेतलं. नळीखालची तरफ ओढायची, आत स्प्रिंग दाबली जाते. घोडा दाबला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते आणि दबलेली हवा छर्‍याला बाहेर फेकते. नळी मात्र पक्की बसवलेली, ती मोडायची नाही. त्यामुळे नेम हलत नाही. धूर नाही, मोठा आवाज नाही, छर्रे स्वस्त. पबच्या मागच्या खोलीत भागतं.

ही रायफल बनवायला घेतली बीएसए कंपनीने. हो, तीच, आपल्या सायकलवाली! पूर्ण नाव बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. 1861 साली शहरातल्या बंदूककारांनी एकत्र येऊन काढलेली. सैन्याची मागणी घटली की यंत्रं रिकामी राहायची, म्हणून सायकली आल्या; 1905 पासून हवाई रायफली. सायकलवरचं जुनं बोधचिन्ह आठवा, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली. लहानपणी आपण सगळे त्या चिन्हाशेजारच्या दांडीवर बसून फिरलो, बंदुका कुणी पाहिल्या?

तर हा मला छळणारा प्रश्न. सेनापतीला हवे होते सैनिक, कंपनीला हवं होतं गिर्‍हाईक, आणि पबमधल्या माणसाला हवी होती घंटा. मग हा खेळ कोणाचा?

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने 1978 च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या केली आहे. माझ्या शब्दांत सांगतो : ज्या अडचणींची काही गरज नाही, त्या आपण होऊन अंगावर घ्यायच्या आणि त्यांच्याशी झगडायचं. घंटाच वाजवायची तर उठून हाताने वाजवता येते. वीस फुटांवरून, एवढ्याशा भोकातून वाजवायची, यातच सगळी गंमत. त्या माणसाला ना कुठला बोअर दिसत होता ना साम्राज्य. त्याला दिसत होतं भोक आणि शेजारच्या पबवाल्याचं तोंड. म्हणून माझं उत्तर असं, की हेतू रॉबर्ट्सचा असला तरी खेळ खेळणार्‍याचा. प्लेटोने 'लॉज'मध्ये हाच धागा उलट्या बाजूने धरला आहे. लोक युद्धाला गंभीर मानतात, पण युद्धात ना खरा खेळ असतो ना शिक्षण. शांततेतलं आयुष्य उत्तम तऱ्हेने खेळण्यात घालवावं. त्याचा खेळ म्हणजे देवांपुढचं गाणं, नाच, यज्ञ, हे खरं. पबला त्याने नाकच मुरडलं असतं.

पण एवढ्यावर सुटका होत नाही. 1914 आलं. बीएसएने त्या महायुद्धात पंधरा लाखांवर रायफली बनवल्या. ज्या शहरात घंटा वाजत होत्या त्याच शहरातले तरुण फ्रान्सला गेले, आणि नेम शिकताना त्यांनी आधी काय खेळलं होतं हे कोणी विचारलं नाही. मशीनगन आणि तोफांसमोर पबमधल्या नेमाचा उपयोग किती, हा वेगळाच भाग. रॉबर्ट्स त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रान्समध्येच वारले. वय 82, तिथल्या हिंदी पलटणींना भेटायला गेले होते. खेळणार्‍याचा खेळ असतो हे मी म्हणतो खरं, पण खेळ शिकवणारा हात कुठून आला आहे, तेही पाहावं लागतं. दोन्ही गोष्टी मी एका मुठीत घट्ट धरू शकत नाही. प्रश्नोत्तरांत कोणाला जमलं तर सांगा.

घंटानेमाच्या काही लीग इंग्लंडमध्ये आजही चालतात. आपल्याकडे हवाई रायफल म्हटलं की वेगळंच चित्र उभं राहतं : 2000 साली सिडनीला अंतिम फेरी गाठणार्‍या अंजली भागवत, 2008 चं अभिनव बिंद्राचं सुवर्ण. तिथे अंतर दहा मीटर आणि मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पबच्या भोकाच्या एकोणिसाव्या हिश्शाएवढा. नेम लागला की पडद्यावर दशांशात आकडा येतो. पबमध्ये मात्र काठाला घासून गेलेल्या छर्‍याने घंटा वाजली की नुसता पत्राच वाजला, यावर पुढची फेरी सुरू होईपर्यंत वाद चालतो.