रंगाऱ्याच्या कोंड्यातून माशाच्या कानात

नखाएवढ्या माशाला बिल्ला अडकवता येत नाही. म्हणून अशी पिल्ले अ‍ॅलिझरिन रंगाच्या पाण्यात काही तास ठेवतात. माशाच्या कानातल्या चुनखडीच्या खड्यावर, म्हणजे ऑटोलिथवर, रोज नवा थर चढतो. त्या दिवशीच्या थरात रंग अडकतो आणि हिरव्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली ते कडे लाल चमकते. पुढे जाळ्यात आलेल्या माशांपैकी कितींच्या खड्यात ते आहे, यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात.

मासे खुणावण्याचा इतिहास सहसा आयझॅक वॉल्टनच्या १६५३ च्या पुस्तकापासून सांगतात: सामनच्या पिल्लांच्या शेपटीला बांधलेली फीत, मग डॅनिश संशोधक पीटरसनचे बिल्ले, मग १९६० च्या दशकातले तारेचे सूक्ष्म तुकडे. रंगाच्या कड्याचे कूळ मात्र वेगळे. ते कापडाच्या छापखान्यातले आहे.

लंडनचा शल्यविशारद जॉन बेल्चिअर एका कापड छापणाऱ्याकडे जेवायला गेला असता पानातल्या डुकराच्या मांसातली हाडे लाल निघाली. छापील कापडावरचा मंजिष्ठवर्गीय मुळांचा, म्हणजेच अ‍ॅलिझरिनचा, जादा रंग काढण्यासाठी ते कापड कोंड्याबरोबर उकळत आणि तो कोंडा डुकरांना घालत. बेल्चिअरने कोंबड्याला तीच मुळे चारून पाहिली आणि १७३६ मध्ये निष्कर्ष छापला. कापडावर हा रंग तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमला धरून पक्का होतो. हाडात ते काम कॅल्शियम करते.

पहिलेपणाचा मान १५६६ मध्ये हीच गोष्ट नोंदवणाऱ्या आंत्वान मिझोला द्यावा, असे म्हणता येईल. पण त्याची नोंद नवलाईपुरतीच राहिली. खरे पाऊल फ्रेंच संशोधक द्युहामेलचे: १७४० च्या सुमारास त्याने मुळे चारून, थांबवून, पुन्हा चारून हाडात लाल-पांढरे थर आळीपाळीने उमटवले. माशाच्या खड्यातले कडे याचेच छोटे रूप.

दुसरा दावेदार टेट्रासायक्लिन. हे प्रतिजैविक हाडात साठून चमकते, हे १९५७ मध्ये कळले, आणि जपानमध्ये संशोधक त्सुकामोतोंनी १९८० च्या दशकात आयू माशाची अंडी-पिल्ले खुणावताना आधी तेच वापरले, अ‍ॅलिझरिन कॉम्प्लेक्सोन नंतर. तरी वाढत्या हाडात रंगाने तारीख टाकण्याची कल्पना द्युहामेलचीच. औषध फक्त नवा रंग ठरले.

आता रंग मुळांतून येत नाही; अ‍ॅलिझरिन १८६८ पासून प्रयोगशाळेत बनते. ही खूण वाचायला मासा मारावा लागतो आणि ती टोळी ओळखते, एकेकटा मासा नाही. सामनच्या उबवणकेंद्रांत तर रंगही लागत नाही: पाण्याचे तापमान ठरावीक क्रमाने बदलून खड्यात गडद-फिकट कड्यांची नक्षी उमटवतात.