चोपडीतला संघ

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जालन्याच्या मोंढ्यात चक्कर टाकली, तर दुकानादुकानांतून एकच देखावा दिसतो. पांढऱ्याशुभ्र गादीवर नवी लाल चोपडी, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक आणि ‘श्री’, शेजारी साळीच्या लाह्या, बत्तासे आणि झेंडूची फुले. हल्ली हिशेब यंत्रावर होतात हे खरे, पण त्या यंत्रालाही हळदकुंकू वाहिले जातेच. व्यापाऱ्याच्या घरी चोपडी ही देवता आहे, आणि का नसावी? वर्षभरात कोण तरले आणि कोण बुडाले, ते तीच सांगते.

या चोपडीची आणि फुटबॉलच्या चेंडूची गाठ पडते, ही गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. ती मला शिकवली माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने.

आमच्या अंतरवाली सराटीत फुटबॉलचे मैदान नाही. कबड्डी आहे, कुस्ती आहे, आणि कापूस निघालेल्या रानात क्रिकेट आहे. हा मुलगा पुण्यास कारखान्यात कामाला लागला आणि सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर बालेवाडीस सामना पाहावयास जाऊ लागला. पुढे पुढे तर दिवाळीला गावी येताना तो नारंगी सदरा घालूनच उतरे. त्याची आई म्हणे, “हा कुठल्या पंथाला लागला?” त्या पंथाचे नाव होते एफसी पुणे सिटी, आणि त्याच्या भक्तांच्या मेळ्याला ‘ऑरेंज आर्मी’ म्हणत.

२०१९ च्या उन्हाळ्यात तो पंधरा दिवस गावी होता. रोज संध्याकाळी पारावर बसून फोन चाळी. मी विचारले, “काय शोधतोस रे?” तर म्हणाला, “सर, आमच्या टीमचं काय होणार, ते कळेना.” इस्पितळात माणूस ठेवून आल्यासारखा त्याचा चेहरा होता. निकालाची वाट पाहणे म्हणजे काय, हे आमच्या गावाला कोणी शिकवायला नको; २०२३ च्या उपोषणानंतर सगळ्या महाराष्ट्राला गावाचे नाव कळले, ते त्या वाट पाहण्यामुळेच. पण एका खेळाच्या संघासाठी तरण्याताठ्या माणसाने असे झुरावे, याचे मला तेव्हा नवल वाटले. त्यानंतर मी या प्रकरणाच्या मागे लागलो.

पुणे हे फुटबॉलचे शहर आहे, असे कोणी एकाएकी म्हणणार नाही. तरीही २००७ ते २०१९ या बारा वर्षांत तेथे देशपातळीवर खेळणारे चार संघ उभे राहिले आणि चारही दिसेनासे झाले.

पहिला पुणे एफसी. अशोक पिरामल उद्योगसमूहाने तो २००७ साली काढला. देशातील तेव्हाच्या अव्वल स्पर्धेत, म्हणजे आय-लीगमध्ये, हा संघ २००९-१० मध्ये आला आणि पहिल्याच वर्षी तिसरा आला. २०१२-१३ मध्ये तो दुसरा होता. अजिंक्यपद गेले गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे. पोरांना घडवणारी त्याची अकादमी तर नावाजलेली होती. एवढे असूनही २०१४-१५ च्या हंगामानंतर मालकांनी हात आखडता घेतला आणि संघ संपला. अकादमी २०१६ साली पुणे सिटीने घेतली.

दुसरा भारत एफसी, कल्याणी समूहाचा. तो एकच हंगाम खेळला, तळाला राहिला आणि गेला. त्याच्याविषयी अधिक लिहावे असे काही घडलेच नाही.

तिसऱ्याची गोष्ट मात्र पुणेकरांच्या जिव्हारी लागणारी आहे. शिवाजीयन्स हा १९८७ सालचा जुना संघ. डी. एस. कुलकर्णी यांच्या समूहाने तो आपल्या पंखाखाली घेतला, पुण्यात लिव्हरपूलच्या प्रसिद्ध क्लबाच्या सहकार्याने अकादमी काढली आणि २०१५-१६ मध्ये संघ आय-लीगमध्ये आणला. दोन हंगाम झाले आणि २०१७ साली संघ बाहेर पडला. २०१८ च्या फेब्रुवारीत ठेवीदारांच्या फसवणुकीच्या आरोपावरून कुलकर्ण्यांना अटक झाली. पुण्यातील कित्येक निवृत्त माणसांची आयुष्याची पुंजी त्या ठेवींत अडकली होती. तिच्यापुढे फुटबॉलचे दुःख ते काय! म्हणून ते कोणी उघड बोललेही नाही. पण एकाच चोपडीतून म्हाताऱ्याची ठेव आणि पोराचा संघ, दोन्ही गेले, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

आणि चौथा आमच्या विद्यार्थ्याचा.

इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४ साली सुरू झाली, तेव्हाच पुणे सिटीचा जन्म झाला. राजेश वाधवान समूह हे मालक, जोडीला नट हृतिक रोशन. पहिल्याच वर्षी फ्रान्सचा विश्वविजेता दाविद त्रेझगे बालेवाडीच्या हिरवळीवर खेळला. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेल्या त्या क्रीडानगरीला असे पाहुणे नवे होते. पुढची दोन वर्षे बेताचीच गेली. मग २०१७-१८ मध्ये मार्सेलिन्यो आणि अल्फारो या जोडीने असा काही धडाका लावला, की संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. मार्च २०१८ मध्ये पुण्यातला सामना बेंगळुरूविरुद्ध गोलशून्य बरोबरीत सुटला. परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल केले आणि पुण्याचा ३-१ असा पराभव झाला. “सर, त्या रात्री मी रडलो,” असे तो मुलगा मला सांगे, आणि ते सांगताना त्याला लाज वाटत नसे. मैदानावर झालेला पराभव सांगण्यासारखा असतो.

पुढील हंगामात संघ सातवा आला. मैदानाबाहेर काय चालले होते, ते मात्र गोलफलकावर लिहिले जात नव्हते. वाधवान घराण्याची मोठी पेढी म्हणजे डीएचएफएल, घरबांधणीसाठी कर्ज देणारी कंपनी. २०१९ च्या जानेवारीत तिच्यावर पैसा भलतीकडे वळवल्याचे आरोप जाहीरपणे झाले. कंपनीने ते नाकारले. जूनमध्ये तिला रोख्यांवरचे व्याज वेळेवर देता आले नाही. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळच बाजूला सारले. याच उन्हाळ्यात संघातील खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या येत होत्या. आणि पारावर बसून एक मुलगा फोन चाळत होता.

तो कशाची वाट पाहत होता, हे मला आज अधिक नीट कळते. त्याला वाटत होते, की कोठेतरी सुनावणी होईल, कोणी पंच बसतील, संघाचे म्हणणे ऐकले जाईल आणि मग निकाल लागेल. दंड होईल, गुण कापले जातील, फार तर एखादा हंगाम बंदी येईल; ती सोसू. शाळेत आम्ही हेच शिकवतो ना? चूक झाली तर शिक्षा, आणि शिक्षा भोगली की पुन्हा वर्गात. तसे काहीच झाले नाही. ऑगस्टच्या अखेरीस बातमी आली, की स्पर्धेतील पुण्याच्या जागी आता हैदराबाद एफसी खेळणार. पुण्याचे प्रशिक्षक फिल ब्राउन आणि मार्सेलिन्योसारखे खेळाडू तिकडे गेले. संघाला शिक्षा झाली नव्हती. एका चोपडीतली जागा दुसऱ्या चोपडीत मांडली गेली होती, एवढेच.

इंग्लंडात असे प्रकरण कसे चालते, ते पाहण्यासारखे आहे. तेथील प्रीमियर लीगचा नियम असा होता, की क्लबाने तीन वर्षांत मिळून १० कोटी ५० लाख पौंडांहून अधिक तोटा करू नये. लिव्हरपूल शहरातील एव्हर्टन या जुन्या क्लबाचा तोटा सुमारे दोन कोटी पौंडांनी त्या मर्यादेपुढे गेला. स्वतंत्र आयोग बसला. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी त्याने एव्हर्टनचे १० गुण कापले. पुढच्याच घरच्या सामन्यात हजारो प्रेक्षकांनी निषेधाची गुलाबी पत्रके उंच धरली. क्लबाने दाद मागितली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १० चे ६ झाले. मँचेस्टर सिटीवर तर फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभरांहून अधिक नियमभंगांचे आरोप ठेवले गेले. क्लबाने ते नाकारले. सुनावणी सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ अशी चालली आणि त्यानंतरही निकालासाठी प्रेक्षकांना महिनोन्महिने ताटकळावे लागले. पण त्यांच्या वाट पाहण्याला निदान काही पत्ता होता. अमक्या आयोगापुढे, अमक्या कलमाखाली, असे त्यांना सांगता येत होते.

आपल्याकडे असे पत्ते नाहीतच असे नाही. गोव्याला विचारा. सासष्टीच्या किनाऱ्याकडचा चर्चिल ब्रदर्स हा संघ जानेवारी २०१४ मध्ये फेडरेशन चषक जिंकला, आणि त्याच वर्षी परवान्याच्या परीक्षेत नापास ठरला. आशियाई महासंघाची ही परीक्षा पाच विषयांची असते : खेळ, मैदान व सोयी, कारभारी माणसे, कायदा आणि पैसा. तपासून घेतलेले हिशेब दाखवा, खेळाडूंची देणी थकलेली नाहीत हे दाखवा, मग खेळा. चर्चिलबरोबर कोलकात्याचा युनायटेड आणि शिलाँगचा रंगदाजीद हेही बाहेर गेले. चर्चिल २०१६-१७ मध्ये परतला. २०२५ मध्ये तर त्याच्या चाहत्यांनी आणखी एक निकाल सोसला. आय-लीगचे अजिंक्यपद एप्रिलमध्ये त्यांच्या नावे जाहीर झाले, इंटर काशी संघाने खेळाडूंच्या नोंदणीच्या वादावरून थेट स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाकडे दाद मागितली, आणि १८ जुलैला ते अजिंक्यपद काशीला गेले. कटू झाले, पण गोवेकराला निकालाची तारीख तरी सांगता येते. पुणेकराला तीही नाही.

मालकांना नावे ठेवणे सोपे आहे. पैसा त्यांचा, जोखीम त्यांची. त्यांनी संघ काढलाच नसता, तर आमच्या गावच्या पोराला त्रेझगेचे नाव तरी कळले असते काय? महिंद्रांनी मुंबईत कित्येक दशके संघ पोसला, २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकून दाखवली आणि २०१० साली तो बंद केला. तेथे तर कसला आरोपही नव्हता. मालकाचा विचार बदलला होता. म्हणजे हिशेब चोख असला तरी प्रेक्षकाच्या हाती काही नसतेच. तिकीट त्याचे, आवाज त्याचा, सदरा त्याचा. चोपडीत त्याचे नाव कोठेच नाही.

याला उतारा महाराष्ट्रातच आहे आणि तो फार जुना आहे. कोल्हापुरास जा. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, ही फुटबॉलच्या संघांची नावे आहेत. तालमीत कुस्ती व्हायची, तिच्याच दारात गणपती बसायचा, आणि तिचाच संघ शाहू स्टेडियमवर उतरायचा. संघ पेठेचा, पेठ विकता येत नाही आणि दुसऱ्या शहरात हलवताही येत नाही. त्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या कुमार विश्वचषकात भारताकडून खेळला. तेथे सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. प्रेक्षकांच्या हाणामाऱ्यांनी सामने थांबतात, पुढाऱ्यांचा पैसा आणि पुढाऱ्यांचे फलक तेथेही आहेत. पण सावकार बुडाला म्हणून पेठेचा संघ दुसऱ्या शहराला गेला, असे कोल्हापुरात कधी ऐकले नाही.

लंडनच्या विंबल्डन भागातल्या लोकांनी हेच नव्याने करून दाखवले. २८ मे २००२ रोजी तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने त्यांचा क्लब मिल्टन कीन्स या दूरच्या गावी नेण्यास परवानगी दिली. चाहत्यांनी आठवड्या-दोन आठवड्यांत आपलाच नवा क्लब काढला, उघड्या माळावर खेळाडूंची निवड केली, अगदी तळच्या पायरीपासून खेळावयास सुरुवात केली आणि २०११ साली फुटबॉल लीगमध्ये परत आले. त्या क्लबाची चोपडी चाहत्यांच्या हाती होती.

पुण्याची जागा घेऊन गेलेल्या हैदराबादने पुढे मार्च २०२२ मध्ये अजिंक्यपद जिंकले. मग त्यांचेही हिशेब बिघडले. खेळाडूंची देणी थकली, फिफाने नवे खेळाडू नोंदवण्यास मनाई केली, मालक बदलले. २०२५ साली तीच जागा उठून दिल्लीस गेली आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली असे तिचे नाव झाले.

ही बातमी मी वाचली, तेव्हा त्या मुलाला फोन केला. आता त्याला स्वतःचे मूल आहे. नारंगी सदरा गावी, आईच्या पेटीत आहे. मला वाटले, त्याला थोडे बरे वाटेल. माणसाचा स्वभाव असतो तो. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “सर, हैदराबादच्या पोरांनाही पेपरातूनच कळलं का हो?”