भवानीनगरचा प्रवेश

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे पाच नोव्हेंबर उजाडतो आणि सांगलीकरांना आपल्या गावाचा थोरपणा नव्याने आठवतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' रंगवले आणि मराठी नाटकाचा आरंभ आपण तेथून धरतो. मला या गोष्टीचा अभिमान आहेच. पण अलीकडे त्या उत्सवात बसलो असता मनात एक खट्याळ प्रश्न येतो : स्वयंवर सीतेचे खरे, पण त्या रात्री रंगभूमीवर स्त्री होती कोठे? सीता झाला होता एक मुलगाच. पुढे कितीतरी वर्षे घरंदाज बाईने रंगभूमीवर पाऊल ठेवणे म्हणजे घराला काळिमा, अशीच समजूत होती. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांनी १९२९ च्या सुमारास स्वतःची नाटकमंडळी काढून स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करण्याचा पायंडा पाडला, तोवर भाव्यांच्या सीतेला ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे लोटली होती.

मधल्या काळात मराठी बाईने कसे दिसावे, कसे चालावे, कसे रडावे हे तिला शिकवले पुरुषांनी. कृष्णाकाठचे नागठाणे हे बालगंधर्वांचे गाव. त्यांच्या शालूची, अंबाड्याची नक्कल घरोघरच्या लेकीसुना करीत. १९१९ साली गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांची सिंधू महाराष्ट्राच्या काळजात जाऊन बसली. शेवटच्या अंकात दारूने बेभान झालेल्या नवऱ्याच्या हातून मूल जाते, सिंधू स्वतः मरणाच्या दारी पोहोचते. आणि तरीही फौजदारापुढे ती खोटी जबानी देऊन नवऱ्याला वाचवते. माझी आजी सांगे, "त्या रात्री बायकांच्या बाजूला एक पदर कोरडा नव्हता." ते सांगतानाही तिचे डोळे भरून येत. मार खावा, वर मारणाऱ्याला पाठीशी घालावे, हेच पातिव्रत्य, असा धडा तिने मनोभावे गिरवला होता.

आता दुसरा एक प्रवेश सांगतो. हा कोणत्याही नाट्यगृहात झाला नाही. १९४३ च्या नोव्हेंबरात सांगलीत रंगभूमीची शताब्दी मोठ्या थाटाने साजरी झाली. स्वातंत्र्यवीर सावरकर अध्यक्ष होते. त्याच सुमारास शेजारच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आज ज्याचे सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे झाले आहेत त्या मुलखात, क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले होते. कुंडलच्या जी. डी. बापू लाडांच्या तुफान सेनेला हत्यारे हवी होती. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यात ती होती.

एके दिवशी ठाण्यासमोर नवरा-बायकोचे कडाक्याचे भांडण जुंपले. नवरा बायकोला बडवतो आहे, दगड उचलून जीव घेण्याची भाषा करतो आहे, बाई आक्रोश करते आहे. समजूत घालायला पोलीस बाहेर आले. तेवढी सवड पुरे होती. मागच्या बाजूने तुफान सैनिक आत शिरले आणि बंदुका व काडतुसे घेऊन पसार झाले. भांडण लटके होते, नवरा लटका होता. बाई होती नाना पाटलांची लेक, हौसाताई. वय अठरा-वीसच्या घरात. मार मात्र लटका नव्हता. सोंग खरे वाटावे म्हणून त्या गड्याने हात राखून मारले नाही, ही तक्रार हौसाताई म्हातारपणीही हसत हसत करीत. पत्रकार पी. साईनाथ यांनी ही हकीकत त्यांच्या तोंडून ऐकून टिपून ठेवली, म्हणून ती आज आपल्यापर्यंत आली.

या प्रवेशाचा मी पुष्कळ विचार केला आहे. हा डाव साधला कसा? भर रस्त्यात नवरा बायकोला मारतो याचे कोणाला नवल वाटत नव्हते, म्हणूनच पोलिसांना संशय आला नाही. बाई म्हणजे मार खाणारी, रडणारी, हे जे चित्र रंगभूमीने आणि रूढीने मिळून रंगवले होते, तेच हौसाताईंनी ढालीसारखे पुढे धरले. सिंधू फौजदाराशी खोटे बोलली ती नवऱ्यासाठी. हौसाताईही पोलिसांना खोटेच भासवत होत्या, पण राज्य उलथवण्यासाठी. सिंधूचे सोंग पुरुषाने घेतले होते. हे सोंग एका बाईने स्वतःच्या बुद्धीने आणि स्वतःच्या पाठीवर पेलले.

प्रतिसरकारला बायकांचे दुःख दिसत नव्हते असे नव्हे. बायकोला टाकणाऱ्याला, छळणाऱ्याला त्यांची न्यायमंडळे शिक्षा करीत. हुंड्या-मानपानाला फाटा देऊन गांधी-विवाह लागत. पण माझ्या लहानपणी गावोगाव जे पोवाडे ऐकले त्यांत नावे येत ती पुरुषांची. डफावर थाप पडे ती वाघासाठी. वाघिणी बहुधा माजघरातच राहत.

आणि जे शाहिरांच्या हातून सुटले ते सरकारी कागदांनीही पकडले नाही. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू झाले. तुरुंगवासाचा दाखला हवा, निदान फरारी असल्याचा पुरावा हवा. स्त्रियांना मुदतीत सवलत होती, पण दाखल्यातून सुटका नव्हती. आमची आजी वाळवे तालुक्यातली. भूमिगतांसाठी तिने कितीतरी रात्री भाकऱ्या थापल्या. कडब्याच्या गंजीत माणूस आहे हे ठाऊक असून पोलिसांच्या तोंडावर निर्विकारपणे शेण सारवत राहिली. भाकरीचा दाखला कोणती कचेरी देणार? वडिलांनी अर्जाची गोष्ट काढली तेव्हा ती म्हणाली, "आम्ही रं काय केलं? भाकरीच तर थापल्या."

याच कृष्णाकाठी, कासेगावात, प्रतिसरकारच्या लढ्यातून आलेल्या इंदुताई पाटणकर पुढे टाकलेल्या बायकांच्या हक्कांसाठी झगडल्या. त्यांच्या सून गेल ऑम्व्हेट यांनी अमेरिकेतून येऊन इथल्या कष्टकरी स्त्रियांचे म्हणणे जगापुढे मांडले. इंदुताई २०१७ मध्ये गेल्या. २०२१ च्या ऑगस्टात गेलबाई गेल्या आणि सप्टेंबरात पंच्याण्णव वर्षांच्या हौसाताईही.

आज घराघरांत रोज संध्याकाळी मालिका चालतात आणि त्यांतल्या सुना अजूनही सिंधूसारख्याच सोसताना दिसतात. निवडणुकीच्या सभेत 'माता-भगिनींनो' अशी हाक येते; व्यासपीठावरच्या खुर्च्या मोजल्या तर माता-भगिनी थोड्याच. अशा वेळी मला आजी आठवते. ती गेली तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो. 'तू काय केलेस' हे तिला बसवून सांगावे, एवढी समज मला तेव्हा नव्हती. फराळाला सगळी भावंडे जमली की हल्ली मी भवानीनगरची गोष्ट नातवंडांना सांगतो, आणि तिच्यामागोमाग भाकरीची. परवा धाकटी नात मध्येच म्हणाली, "आजोबा, पणजीचं नाव काय होतं?"

मी सांगितले. बऱ्याच वर्षांनी ते नाव आमच्या घरात मोठ्याने उच्चारले गेले.