मानमोडी ते स्वाइन फ्लू : तापाची साथ आपल्याकडे कोणत्या नक्षत्रात येते?



फ्लू म्हणजे थंडीतला आजार, असं आपण शाळेत वाचलं, टीव्हीवर ऐकलं. आणि इकडे मिरग लागला, पोरांच्या शाळा भरल्या, की घरोघरी नाकं वाहायला लागतात. मग पुस्तक खोटं की आपला अनुभव खोटा? याचं उत्तर शोधायला शंभर वर्षं मागं जाऊ या.

आपल्या विश्रामबागेतलं विलिंग्डन कॉलेज सुरू झालं १९१९ साली. त्याच्या आदल्याच वर्षी देशावर इन्फ्लुएंझाची मोठी साथ येऊन गेली होती. आपल्या जुन्या माणसांनी तिला ‘मानमोडी’ म्हटलं. तेव्हा सांगली, मिरज ही संस्थानं होती आणि वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात होते.

१० जून १९१८ ला मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापानं इस्पितळात दाखल झाले. मृग नक्षत्र नुकतंच लागलं होतं. पहिल्या महायुद्धातले सैनिक बोटींनी ये-जा करत होते आणि बंदरातला आजार आगगाडीबरोबर देशभर पसरला. ही पहिली लाट त्यामानानं सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली, ती मात्र जीवघेणी. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ माणसं गेली. म्हणजे हस्त नक्षत्र, शाळूच्या पेरणीचे दिवस.

त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. धान्य महागलं होतं आणि अंगात ताकद नव्हती. मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसं दगावली. देशभरातल्या मृत्यूंचा अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत केला जातो. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत भारताची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी थोडी घटली.

या आकड्यांत आपल्यासाठी एक गोष्ट आहे. एरवी फ्लू म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांना जास्त छळतो. मानमोडीनं वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं नेली, आणि त्यातही आपल्या देशात बायका जास्त. आजाऱ्याची सेवा बाईनं करायची, स्वतःला ताप असला तरी उठायचं, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं. इतिहासकार हीच कारणं सांगतात. शंभर वर्षांपूर्वीची ती बाई आपल्याला अनोळखी वाटत नाही.

आता पुस्तकाकडे वळू. युरोप-अमेरिकेत फ्लू हिवाळ्यात येतो, ते खरंच आहे. थंड, कोरड्या हवेत हा विषाणू जास्त वेळ टिकतो. माणसं दारं-खिडक्या लावून एकत्र बसतात, एकाचा श्वास दुसऱ्याला लागतो. ऑस्ट्रेलियातही फ्लू हिवाळ्यातच येतो, फक्त त्यांचा हिवाळा जून ते ऑगस्टमध्ये असतो.

आपल्यासारख्या उष्ण मुलखात तशी कडक थंडी नसते. इथं साथ बहुतेक पावसाच्या महिन्यांत जोर धरते. असं का, यावर शास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही. दमट हवा आणि पावसामुळं घरात कोंडून राहणं, दोन्हींचा हात असावा. एकाच देशातही वेळ बदलते. श्रीनगरला साथ थंडीत येते. चेन्नईला परतीचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, तिथं फ्लूही तेव्हाच वाढतो. महाराष्ट्रात जुलै ते सप्टेंबर हा मुख्य हंगाम, आणि कधी कधी जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी लाट.

२००९ चा स्वाइन फ्लू आठवतो ना? देशातला पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबादला सापडला. पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला. शाळा, सिनेमागृहं बंद झाली, तोंडाला रुमाल आले. ऐन आश्लेषा-मघांचा पाऊस होता तो. पुण्यातच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. तिथं आणि देशातल्या इतर प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं नमुने तपासले, तेव्हा हे पावसाळी वेळापत्रक पक्कं झालं.

याचा उपयोग काय, तर लस कधी घ्यायची ते ठरतं. फ्लूचा विषाणू रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लशीत काय असावं ते सुचवते. भारत उत्तर गोलार्धात आहे, पण युरोपसारखी ऑक्टोबरमध्ये लस घेतली तर आपला पावसाळा तोवर संपलेला असतो. लस घेतल्यावर अंगात ताकद तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून आपल्याकडे एप्रिल-मे, रोहिणी निघायच्या आत, ही योग्य वेळ. शेतकरी पेरणीआधी बियाणं घरात आणून ठेवतो, तसंच हे.

तेव्हा चैत्र-वैशाखाच्या मासिक बैठकीत हप्ता आणि कर्ज यांच्याबरोबर हाही विषय घ्या. गटातली गरोदर कोण, साखर, दमा, हृदयाचा त्रास कुणाला, घरात साठीच्या पुढचं कोण, याची यादी करा. लस कुठं आणि केवढ्याला मिळते, हे आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा. पैसे कमी पडले तर गटाचं अंतर्गत कर्ज कशासाठी आहे?

आणि पावसाळ्यात ताप-खोकल्याबरोबर धाप लागली, छातीत दुखलं, किंवा गरोदर बाईला नुसता ताप जरी आला, तरी ‘पावसाचा आहे, जाईल’ म्हणू नका. फ्लूचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त गुण येतो. मेडिकलमधून मनानं गोळ्या आणू नका, डॉक्टरला दाखवा.

आणखी एक. आजारी बाईच्या घरची चूल दोन दिवस शेजारणींनी वाटून घ्या. मानमोडीत जी बाई तापात उठून भाकरी थापत होती, तिला विसावा द्यायला कुणी नव्हतं. आपल्याला दहा जणींचा गट आहे.