शिळाछाप आणि विजेची शाई

वसईच्या बाजूचीं मिठागरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस एक गोष्ट सांगावयास नको: बांध नसेल तर खारें पाणी हवें तेथें राहत नाहीं, आणि मीठहि हवें तेथें बसत नाहीं. शाईच्या सूक्ष्म थेंबांनीं विद्युन्मंडलें छापण्याचा जो उद्योग आज प्रयोगशाळांत चालला आहे, त्याच्या इतिहासाचें मर्म आम्हांस या बांधांत दिसतें.

हा इतिहास बहुधा यंत्रापासून सांगतात. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढील लॉर्ड केल्व्हिन, यांनीं १८६७ सालीं समुद्री तारायंत्रासाठीं एक बारीक कांचनळी योजिली. तींतून विद्युद्भारित शाई कागदास न शिवतां त्यावर उडे. धार तुटून तिचे थेंब कां होतात, याची मीमांसा लॉर्ड रॅले यांनीं १८७८ सालीं केली. वसईच्या पूर्वेकडील कारखान्यांसारख्या ठिकाणीं पुड्यांवर तारीख उमटविणारीं यंत्रें याच घराण्यांतलीं.

परंतु यंत्र थेंब फेकतें, एवढेंच. तो कोठें थांबावा हें शाई आणि पृष्ठ यांनीं ठरवावयाचें. येथें आम्हांस मुंबईचे गणपत कृष्णाजी आठवतात. त्यांनीं शाई व दगड यांवर स्वतः खटपट करून १८३१ सालीं शिळाछापाचें मराठी पंचांग काढलें. शिळाछापांत अक्षर कोरीत नाहींत. दगडावर स्निग्ध शाईनें लिहून तो पाण्यानें भिजवितात. ओला भाग छापावयाची शाई नाकारतो, स्निग्ध अक्षर ती घेतें.

आतां केंब्रिजचा २००० सालचा प्रयोग पाहा. हेनिंग सिरिंगहाउस व त्यांचे सहकारी यांना वीज वाहणाऱ्या बहुवारिकाच्या शाईनें ट्रान्झिस्टर छापावयाचा होता. त्याच्या दोन अग्रांमध्यें अंतर हवें पांच मायक्रॉनचें, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. आणि थेंब तर पडल्यावर त्याहून पुष्कळ अधिक पसरणारा! त्यांनीं कांचेवर पाणी न धरणाऱ्या पॉलिइमाइडची अरुंद पट्टी ठेविली. पाण्यांत कालविलेली शाई तिच्या दोहों बाजूंस सरली आणि अंतर राखलें गेलें. तत्त्व शिळाछापाचेंच, मात्र नकार देण्याचें काम आतां पाण्याकडून पट्टीकडे गेलें. केंब्रिजकरांनीं तें मुंबईकडून घेतलें असें कोणी म्हणूं नये. शिळाछाप मुळांत बव्हेरियाच्या झेनेफेल्डरचा. शिवाय ती पट्टी छापलेली नव्हती, जुन्या प्रकाशलेखनाच्या रीतीनेंच ती घडवावी लागली. छपाईच्या या कीर्तींत ही गोष्ट सहसा गाळली जाते, म्हणून येथें मुद्दाम नोंदवितों.

बांध घातला तरी मिठागराची दुसरी खोड उरतेच. थेंब सुकतांना कडेचा द्रव लौकर उडतो, त्याची भर काढण्यास मधला द्रव कडेकडे वाहतो, आणि आंतील पदार्थ तेथें कड्यासारखा सांचतो. शिकागोच्या संशोधकांनीं १९९७ सालीं कॉफीच्या डागावरून हें कारण उलगडलें. अक्षराची कड जाड झाली तरी वाचणारा वाचतो. विजेच्या पातळ पापुद्र्यास मात्र ती विषमता बाधते. म्हणून संशोधक शाईंत सावकाश उडणारा दुसरा द्रव मिसळतात, आणि किती मिसळावा याची खटपट प्रत्येक नव्या शाईबरोबर पुन्हा पहिल्यापासून करितात.