समनरचे कोर्ट : कोण कुठे बसले होते?

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात टालाहाची नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. तिथल्या समनर गावात चौकाच्या मधोमध जुने कोर्ट उभे आहे : विसाव्या शतकाच्या सुरुवातीची विटांची इमारत, गोल कमानी, जाड भिंती, वर घड्याळाचा मनोरा. जुन्या रोमनेस्क बांधकामाची अशी नक्कल हौसेपोटी होत नाही. कायदा अढळ आहे, असे बघणाऱ्याला वाटले पाहिजे. पण याच कोर्टाच्या आवारात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकांचे स्मारक होते. काळ्या माणसाने न्याय मागायला यायचे, ते त्या स्मारकासमोरून!

१९ ते २३ सप्टेंबर १९५५ या पाच दिवसांत इथल्या वरच्या मजल्यावर एमेट टिलच्या खुनाचा खटला चालला. एमेट १४ वर्षांचा, शिकागोहून नातेवाइकांकडे आलेला. गोऱ्या दुकानदार बाईची छेड काढल्याचा ठपका ठेवून त्याला रात्री घरातून उचलले, हाल करून मारले आणि नदीत फेकले. आरोपी दोघे : रॉय ब्रायंट आणि जे. डब्ल्यू. मायलम.

आता त्या दालनात कोण कुठे होते ते बघा. न्यायाधीश गोरे, वकील गोरे, पंच म्हणून बसलेले बाराही जण गोरे पुरुष. काउंटीत काळ्यांची वस्ती बहुसंख्य, तरी ज्युरीत एकही काळा नाही. कारण ज्युरी मतदारांतून निवडायची आणि काळ्यांना मतदार होऊच द्यायचे नाही. काळे पत्रकार बाजूच्या एका पत्ते खेळायच्या टेबलाशी. एमेटची आई मॅमी आणि काँग्रेसचे सदस्य चार्ल्स डिग्ज यांनाही तिथेच जागा. संसदेत निवडून गेलेला माणूस, पण या दालनात त्याची जागा जातीने, म्हणजे वर्णाने, ठरली.

अशा ठिकाणी मोझेस राइट साक्षीला उभे राहिले. मॅमीच्या मावशीचे यजमान, वय ६४, शेतमजुरीवर जगणारे. मुलाला कोणी नेले, असे विचारल्यावर त्यांनी भर कोर्टात मायलमकडे बोट दाखवले. नंतर त्यांना पीक शेतात सोडून राज्य सोडावे लागले. ज्युरीला निर्दोष ठरवायला ६७ मिनिटे लागली. पुढे १९५६ च्या जानेवारीत त्याच दोघांनी 'लुक' मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली छापू दिली. एकदा सुटल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला होत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

कायद्याच्या पुस्तकात खून हा गुन्हाच होता. अडचण पुस्तकात नव्हती, खुर्च्यांत होती. बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. गोलमेज परिषदेत त्यांनी रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह सादर केलेल्या मागण्यांत सरकारी नोकऱ्यांत पुरेसे प्रतिनिधित्व मागितले. कारण स्पष्ट दिले : उच्चवर्णीय अधिकारी कायदा आणि हाती असलेला अधिकार अस्पृश्यांविरुद्ध वापरतात. राखीव जागांना 'नोकरीची खैरात' म्हणणाऱ्यांनी ही मागणी वाचलेलीच नसते. आणि खैरलांजीच्या खटल्यात ॲट्रॉसिटी कायदा टिकला नाही, हेही आपण विसरलेलो नाही.

समनरच्या लोकांनी २००७ मध्ये याच कोर्टासमोर टिल कुटुंबाची जाहीर माफी मागितली. मधल्या काळात बदललेले दालन पुढे १९५५ मध्ये दिसत होते तसे करून घेतले. २०२३ मध्ये एमेट आणि मॅमी यांच्या नावाच्या राष्ट्रीय स्मारकात या इमारतीचा समावेश झाला. आज तिथे जाणाऱ्याला ज्युरी बसली ती जागाही बघता येते.